दुखापत कुठे झाली, हा पहिला प्रश्न

बेतवा नदीच्या काठावरचे एरच हे झाशी जिल्ह्यातले एक छोटे गाव. कारभार नगरपंचायतीचा. हिरण्यकश्यपूची राजधानी इथेच होती आणि होळी पहिल्यांदा इथेच पेटली, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. छत्रसालाने बाजीरावाला बुंदेलखंडातला वाटा दिला तेव्हापासून झाशीभोवतालचा हा मुलूख मराठी माणसाच्या ओळखीचा. त्या काळी मराठी घराणी इकडून तिकडे गेली आणि झाशीत स्थिरावली. आता माणसे तिकडून इकडे येतात. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पेरणी आटोपली की बुंदेलखंडातले हात दिल्लीला, सुरतेला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात.

समजा, एरचचा एक तीस वर्षांचा गवंडी पुण्यात एका इमारतीच्या परांचीवरून पडला. हा माणूस मी उदाहरणासाठी कल्पिला आहे. मणक्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली, दोन महिन्यांनी तो काठी घेऊन चालू लागला. पण विटांचे घमेले आता उचलता येत नाही, तास-दीड तास उभे राहता येत नाही, वाकता येत नाही. कंत्राटदाराने दवाखान्याचे थोडे बिल भरले, गाडीभाडे हातावर ठेवले आणि त्याला गावी पाठवून दिले. गावात जो भेटेल तो एकच सल्ला देतो : जनसेवा केंद्रात जा आणि दिव्यांग पेन्शनचा फॉर्म भर.

सल्ला मनापासूनचा असतो, पण अपुरा असतो. काम सुटलेल्या माणसासाठी आपल्या देशात एकच एक योजना नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी केलेले कायदे आहेत आणि प्रत्येकाची अट निराळी आहे. यातली पेन्शन ही सर्वांत ठाऊक असलेली, आणि बहुतेक वेळा सर्वांत लहान रकमेची. म्हणून अपंगत्व किती टक्के, हे विचारण्याआधी ते कशामुळे आले, कुठे आले आणि त्या वेळी माणूस कोणाच्या कामावर होता, हे विचारायला हवे. या प्रकरणात मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. पण टक्क्यांनाच इतके महत्त्व आले आहे, की आधी त्यांचा हिशेब समजून घेऊ.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते २१ झाले. पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व, हे सगळे त्यात आले. यापैकी कोणतेही अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचा दाखला असेल, तर बहुतेक सवलतींची दारे उघडतात. दाखल्यासाठी स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मंडळासमोर जायचे. एरचच्या माणसाला त्यासाठी झाशी गाठावी लागते. मात्र ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथेही दाखला मागण्याची सोय नियमांत आहे. आपला गवंडी पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेला असेल, तर तिथून निघण्याआधीच अर्ज करणे शहाणपणाचे, कारण एक्स-रे, एमआरआय, शस्त्रक्रियेचे टिपण हे सगळे तिथेच असते. कार्ड देशभर चालते. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांच्या खाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्क्यांपासून पुढे निळे कार्ड मिळते.

टक्के काढण्याची रीत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेली आहे. सांधा किती अंशांत हलतो, स्नायूंत किती बळ उरले आहे, दृष्टी कितीवर आली आहे, हे मोजले जाते. एकाच माणसाला दोन अपंगत्वे असली तरी त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकडा मिसळायचे एक सूत्र आहे : ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, ९० ने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. पाय ४० टक्के आणि कान ३० टक्के असतील तर बेरीज ७० होत नाही, ५६.६७ होते. दाखला हाती पडल्यावर बऱ्याच जणांना डॉक्टरने आपल्याला कमी लिहिले असे वाटते. त्यामागे अनेकदा हे सूत्र असते.

या मोजणीत एक गोष्ट कुठेच येत नाही. ती म्हणजे त्या माणसाचा धंदा. मणक्याची तीच इजा कारकुनाला झाली तर तो उशी घेऊन खुर्चीत बसेल आणि महिनाअखेर पगार घेईल. गवंड्याचा मात्र रोजगारच गेला. मंडळ दोघांनाही तोच आकडा लिहून देणार. आपल्या गवंड्याला ३५ टक्क्यांचा दाखला मिळाला असे धरू. त्याच्या हातात पांढरे कार्ड येईल आणि पेन्शनचा अर्ज नामंजूर होईल. तो दिवसभर खाटेवर पडून असला तरीही.

४० टक्क्यांचा टप्पा ओलांडला असता तर काय मिळाले असते? उत्तर प्रदेशात दिव्यांग भरण-पोषण अनुदान आहे, त्यालाच लोक दिव्यांग पेन्शन म्हणतात. वय १८ च्या वर, अपंगत्व निदान ४० टक्के, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४६,०८० रुपयांपर्यंत आणि शहरी भागात ५६,४६० रुपयांपर्यंत. एरच नगरपंचायत असल्याने तिथल्या रहिवाशाला शहरी मर्यादा लागते. शेजारच्या खेड्यातल्या माणसाला ग्रामीण. रक्कम २०२१ च्या अखेरीस महिना ५०० वरून १,००० रुपये झाली आणि ती तिमाहीने बँक खात्यात येते. वृद्धापकाळाची किंवा विधवा पेन्शन चालू असेल तर ही मिळत नाही. कुष्ठरोगाने हातापायांत विकृती आलेल्यांसाठी त्याच खात्याची वेगळी आणि मोठ्या रकमेची पेन्शन आहे; तिला ४० टक्क्यांची अट नाही. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

१,००० रुपयांबद्दल एक मुद्दा स्पष्टपणे नोंदवायला हवा. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार, दिव्यांगांना दिली जाणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये वृद्धांची पेन्शनही १,००० झाली आणि दिव्यांगांचीही १,०००. कायद्याप्रमाणे दुसरी किमान १,२५० व्हायला हवी होती. अडीचशे रुपये ही रक्कम मंत्रालयातून लहान दिसते. एरचच्या किराणा दुकानात ती लहान नसते. आणि रकमेपेक्षाही, संसदेने लिहिलेले एक वाक्य राज्याच्या पेन्शनमध्ये उतरले नाही, हे मला जास्त गंभीर वाटते.

केंद्राचा स्वतःचा वाटा तर याहूनही खालचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजना २००९ साली सुरू झाली. तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे घर, या दोन्ही अटी लागतात. केंद्र महिन्याला ३०० रुपये देते. २०१२ साली २०० चे ३०० झाले, त्यानंतर त्यात वाढ नाही. राज्ये यात आपापली भर घालतात, म्हणूनच एकाच देशात राज्याची सीमा ओलांडली की पेन्शनचा आकडा बदलतो.

महाराष्ट्रात हीच गोष्ट संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून चालते. गावात लोक ‘संजय गांधीचे पैसे’ किंवा ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. योजना १९८० ची. तिच्या पात्रतेच्या यादीत एक मोठे शहाणपण दडले आहे, आणि त्याची व्हावी तशी चर्चा झालेली नाही. यादीत दिव्यांगांबरोबर क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुषही आहेत. म्हणजे इथे विचारणा केवळ अवयवाची होत नाही, कमाई थांबली का, हेही विचारले जाते. कर्करोगाच्या रुग्णाचे हातपाय शाबूत असतात, त्याला अपंगत्वाचा दाखला मिळत नाही, पण केमोथेरपी चालू असताना शेतात खुरपणी करणे त्याला शक्य नसते. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो बसत नाही. या जुन्या राज्य योजनेत बसतो. देशभरच्या योजना आखणाऱ्यांनी महाराष्ट्राकडून ही एक ओळ उचलली असती, तर कितीतरी घरांचे भले झाले असते.

या योजनेत अनुदान २०२३ पासून महिना १,५०० रुपये होते. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात १,००० रुपयांची भर घालायचे ठरवले आणि ते २,५०० झाले. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये, इतरांसाठी २१,०००. अर्ज तहसील कार्यालयात. पण महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. पुण्यात पडून जखमी झालेला एरचचा गवंडी इथे बाद होतो. ज्या शहराच्या इमारतीसाठी तो पडला, त्या शहराच्या राज्याचे हे दार त्याला बंद, आणि घरच्या राज्याचे दार ३५ टक्क्यांमुळे बंद.

पेन्शनचा रस्ता इथे संपतो. हातावर पोट असलेली बहुतेक कुटुंबे इथेच थांबतात, नशिबाला बोल लावतात आणि बायको दुसऱ्याच्या शेतावर जाऊ लागते. खरे तर त्याच्या हक्काची मुख्य गोष्ट अजून सुरूच झालेली नाही.

जखम पाहून पैसे देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्यांना जखमेप्रमाणे २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली, पडलेल्यांच्या मुलांना पुढे चालवले आणि मुलगा नसलेल्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले, असे बखरकार सभासद सांगतो. धन्याच्या कामावर असताना अंगाला इजा झाली तर त्याची जबाबदारी धन्याची, हा विचार त्यात स्पष्ट आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने १८८४ साली कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला आणि १८८९ साली वृद्धत्व व अपंगत्वाचा. आधुनिक जगात या विचाराला कायद्याचे रूप तिथे आले. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. शंभराहून अधिक वर्षे तो स्वतंत्रपणे चालला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची तत्त्वे सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. मूळ सूत्र तेच राहिले.

या कायद्यात चूक कोणाची, हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला, एवढे पुरे. पट्टा बांधला नव्हता, सांगितलेले ऐकले नाही, अशा सबबी मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मालकाला उपयोगी पडत नाहीत. माणूस कंत्राटदाराचा असला तरी ज्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. तो पुढे कंत्राटदाराकडून वसूल करील. बांधकामाच्या साखळीत मुकादम, त्यावर कंत्राटदार, त्यावर बिल्डर असे थर असतात, आणि अपघातानंतर खालचा थर फोन उचलायचा बंद होतो. म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे.

रकमेचे सूत्र असे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वेतन कितीही असले तरी हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात; ही मर्यादा जानेवारी २०२० मधली. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये. महिना १,००० च्या पेन्शनने एवढी रक्कम जमायला १५५ वर्षांहून जास्त काळ लागेल. मालकाने वेळेवर रक्कम भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो.

पण त्याचा दाखला तर ३५ टक्क्यांचा आहे, मग पूर्ण अपंगत्व कसे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिले. ओडिशातल्या जेपूरमध्ये एका चित्रपटगृहाच्या बांधकामावर काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्याच्या परिशिष्टात अशा इजेला ठरावीक टक्के आहेत आणि ते शंभर नाहीत. मालकाचे म्हणणे असे की भरपाई तेवढ्याच टक्क्यांची द्यावी. न्यायालयाने म्हटले, सुतारकाम एका हाताने होत नाही. हा माणूस ज्या कामासाठी लायक होता त्या कामाला तो पूर्ण मुकला, तेव्हा त्याच्यापुरते अपंगत्व शंभर टक्के. भरपाई आयुक्तांचा निकाल लागल्यापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही याच निकालात आले. पुढे २०१० साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार या रस्ते अपघाताच्या खटल्यात न्यायालयाने हाच विचार सविस्तर मांडला. डॉक्टर शरीराचे नुकसान सांगतील, पण कमाईचे नुकसान किती, हे त्या माणसाचा धंदा, वय, शिक्षण आणि तो दुसरे काय करू शकतो हे पाहून न्यायाधिकरणाने ठरवायचे.

म्हणजे एकाच देशात दोन मोजपट्ट्या आहेत. पेन्शनची पट्टी शरीर मोजते, भरपाईची पट्टी गेलेले काम मोजते. आपला गवंडी पहिलीवर नापास होतो आणि दुसरीवर त्याचा दावा भक्कम ठरू शकतो. दोन्ही दारांवर तोच ३५ टक्क्यांचा कागद घेऊन गेले आणि सोबत दुसरे काही नेले नाही, तर दुसरीकडेही कमीच पदरात पडते. म्हणून डॉक्टरांकडून दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहून घ्याव्या लागतात : अपंगत्वाचा टक्का, आणि हा माणूस गवंडीकाम पुन्हा करू शकेल की नाही याचे मत. दुसरे मत मागायचे असते, हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही.

दावा कुठे करायचा, यावरून अनेकांचा धीर सुटतो. अपघात पुण्यात, माणूस एरचला, तारखांना हजार किलोमीटर कोण जाणार? १९९५ च्या दुरुस्तीपासून कामगाराला आपण राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडे दावा लावता येतो. म्हणजे हा गवंडी झाशीत दाद मागू शकतो आणि पुण्याच्या मालकाला झाशीत उत्तर द्यावे लागते. अपघातानंतर दोन वर्षे उलटू देऊ नयेत.

आणि अंगठ्याबद्दल. रुग्णालयातून सोडताना चाळीस-पन्नास हजार हातावर ठेवायचे आणि ‘सर्व हिशेब मिटला, पुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, हा प्रकार बांधकामावर सर्रास चालतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, आणि तडजोड झाली तरी ती अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. अंगठा दिला म्हणून सगळे संपले असे समजून गावी बसलेल्या माणसांबद्दल मी ऐकून आहे. त्यांना हे कोणीतरी वेळेत सांगायला हवे होते.

कामावर ये-जा करतानाचा अपघातही यात धरावा की नाही, यावर बरीच वर्षे वाद होता. २००३ साली महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने जात असताना वाटेत अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२५ मध्ये निकाली निघाला : घर ते काम हा प्रवास वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांनी कामाशी जोडलेला असेल तर तो कामाचाच भाग. बावीस वर्षे लागली. नव्या संहितेत ये-जा करतानाच्या अपघाताची तरतूद आता थेट लिहिलेली आहे.

कारखान्यात किंवा दहा वा त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर बहुधा कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू असतो. मग भरपाई मालकाकडे मागायची नसते, ईएसआय महामंडळाकडे मागायची. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालातून ही योजना उभी राहिली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात नेहरूंच्या हस्ते सुरुवात झाली. कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. कामावरच्या दुखापतीने काही काळ काम थांबले तर रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात. कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर येते. साध्या आजारपणातही वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन आहे. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. काम करता येत नाही या स्थितीचा सगळ्या बाजूंनी विचार केलेली देशातली ही एकमेव मोठी योजना, असे माझे मत आहे. ती शेतमजुराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला लागू नाही, हे तिचे सर्वांत मोठे उणेपण. पगारातून कपात होत असेल तर चिठ्ठी जपून ठेवावी. अपघाताची नोंद मालकाने केली नाही तर कामगाराने स्वतः शाखा कार्यालयात लेखी कळवावे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर १९९५ च्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आलेल्यालाही पेन्शन आहे. त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागत नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते.

बांधकाम कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९९६ चा वेगळा कायदा होता; आता तोही नव्या संहितांत गेला आहे. बांधकाम खर्चावर उपकर घेऊन राज्यांची कल्याणकारी मंडळे चालतात. महाराष्ट्राच्या मंडळात नोंद असलेल्या कामगाराला ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमचे अपंगत्व आले तर २ लाखांची मदत आहे. नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढेच लागते. १५ वर्षांच्या वास्तव्याची अट इथे नाही. परप्रांतातून आलेल्या माणसाने साइटवर पाय ठेवल्यावर करायचे पहिले काम हे.

बँकेच्या पासबुकावरही एकदा नजर टाकावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये वर्षाला, मेअखेरच्या सुमारास, खात्यातून कापले जातात. अनेकांना आपण यात आहोत हेच ठाऊक नसते. अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा निकामी झाला तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. मणक्याच्या दुखापतीत पाय हलत असेल तर हा विमा मिळत नाही. रस्त्यावर वाहनाने उडवले असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. धडक देणारा पळून गेला असेल तरी गंभीर जखमीला सरकारकडून ५०,००० रुपये मिळतात.

सरकारी नोकराची गोष्ट वेगळी आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही आणि त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. दुसरे योग्य काम नसेल तर ज्यादा पद निर्माण करून पगार चालू ठेवावा लागतो. कायम नोकरी असलेल्याला एवढे भक्कम संरक्षण आणि रोजंदारीवरच्याला ३५ टक्क्यांचे पांढरे कार्ड, ही दरी पाहिली की संविधानाच्या अनुच्छेद ४१ ची आठवण होते. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी राज्याने प्रभावी व्यवस्था करावी, असे तिथे म्हटले आहे, आणि सोबत आर्थिक ताकदीच्या मर्यादेत, ही अट आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले ४१ लाखांहून अधिक उत्तर प्रदेशात आणि सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्या नोंदीत तेव्हा सात-आठच प्रकार होते. आजाराने काम सुटलेली माणसे त्यात मुळीच नाहीत.

या सगळ्या दावे-अर्जांसाठी वकील परवडत नाही म्हणून थांबायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात, झाशीतही, त्याचे कार्यालय असते. १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे. दाखला नाकारला गेला किंवा टक्का चुकीचा वाटला तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली अपील करता येते. सवलत नाकारल्याची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. महाराष्ट्राचे आयुक्तालय पुण्यात आहे, उत्तर प्रदेशचे लखनौत.

कार्ड मिळाल्यावरही एक तारीख वहीत लिहून ठेवावी लागते. सुधारणा होण्याची शक्यता असेल तर मंडळ दाखला ठरावीक मुदतीचा देते. मुदत संपली की नवा दाखला येईपर्यंत पेन्शन थांबू शकते, आणि थांबल्याचे कळते ते तिमाही उलटल्यावर. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच फेरतपासणीचा अर्ज करावा, कारण नव्या नियमांत दाखला देण्यासाठी रुग्णालयाला तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. अर्जाचा नोंदणी क्रमांक असलेली पावती जनसेवा केंद्रातून छापून घ्यावी आणि मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत, मदत करतो म्हणणाऱ्याच्याही.